वरातीतले बंदुकीचे बार बंद करायचे आहेत, ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा?

कपाशीची_बोंडं (प्रश्न)

जिल्हा यवतमाळ. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या नळ यायच्या आत आईला कोणीतरी विचारेल, "तुमची पोरगी मोबाईलवर काय लिहून राहिली म्हणे?"

विषय असा आहे. या एप्रिलमध्ये गावात एक लग्न झालं. वरात मारुतीच्या पारापाशी आली, डीजे थांबवला, आणि नवरदेवाच्या मामाने दुनळी काढली. आमच्याकडे यात नवीन काही नाही. ज्याच्या घरी परवान्याची बंदूक, त्याच्या लग्नात दोन बार ठरलेले. बार उडला नाही तर वरात कसली, असं म्हणणारे म्हातारे आहेत आणि त्यांच्यामागे रील काढणारी पोरं आहेत. या वेळी मामा दुपारपासूनच 'बसलेले' होते. पहिला बार सरळ आभाळात गेला. दुसरा शाळेच्या टिनाकडे. टिनावर पोरं चढली होती, डीजेवाला नीट दिसावा म्हणून. त्यातल्या एकाला, नववीतल्या, छर्रे लागले.

मी त्याच्याजवळ लवकर पोचले कारण आमचं घर शाळेला लागूनच आहे. शर्टाच्या खांद्याला इतकी बारीक भोकं होती की मला वाटलं उतरताना टिनाचा खिळा लागला. रक्तही फार नव्हतं. मग त्याने मान वळवली. कानामागे कातडीच्या आत मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी काळं दिसत होतं, आणि बोट लावलं की जागेवरून सरकत होतं. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तरी माझे हात थरथरत होते.

दवाखान्यात सांगितलं, फटाका लागला. काही छर्रे काढले, एक खोल होता तो राहू दिला. दोन्ही घरं एकाच भावकीतली. मामाने खर्च दिला, पोराला नवा मोबाईल घेऊन दिला, आणि विषय मिटला. पोलीस पाटील त्या दिवशी बाहेरगावी 'होते'. पोरगा मोबाईलवर खूश आहे, खोटं कशाला बोलू. त्याची आई खूश नाही, पण तिला कोणी विचारलेलं नाही.

गावात आमची एक अभ्यासिका आहे. पोलीस भरतीवाले, एमपीएससीवाले, माझ्यासारख्या दोन-चार पोरी. आम्ही ठरवलं की या वेळी गप्प बसायचं नाही. सह्या घेतल्या, निवेदन लिहिलं: लग्नात, वाढदिवसाला, मिरवणुकीत गोळीबार बंद करा, जो करेल त्याचा परवाना रद्द करा, शस्त्रांचा कायदा कडक करा. तहसीलमध्ये दिलं. पोच म्हणून निळा शिक्का मिळाला. शिक्का छान उमटला आहे, त्यापलीकडे काही नाही.

मग १ मेच्या ग्रामसभेत विषय काढला. एक जण म्हणाला, कायदे करणं ग्रामसभेचं काम नाही. ते मला पटलंही. पण मागून दुसरा ओरडला, "हे पोट्टे शेतकऱ्यांच्या बंदुका काढाले निघाले!" झालं, सभा तिथंच संपली. गावात पीक संरक्षणाच्या बंदुका आहेत, माझ्या मोठ्या बाबांकडेही आहे. ती काढून घ्या असं आमच्यापैकी कोणीच म्हटलेलं नाही. पण आता गावभर तेच पसरलं आहे, आणि ज्यांनी सह्या दिल्या ते विचारतात, "माझं नाव खोडता येते का?"

१५ ऑगस्टला पुन्हा ग्रामसभा आहे. तुळशीचं लग्न झालं की पुन्हा लग्नसराई. मला हे जाणून घ्यायचं आहे की ग्रामसभेच्या हातात नक्की काय आहे, आणि कायदा कडक करा हे म्हणायचं कोणाला? बाराची दोन रिकामी काडतुसं मी उचलून ठेवली आहेत, लाल प्लास्टिकची, बुडाला पितळ. त्यांचा काही उपयोग होतो का?

---

राजे_ग्रुप_ऑफिशियल

एवढं काय झालं? दोन बारानं कोणाचं काय जाते. लग्न एकदाच होते. लागलं त्याचा खर्च दिला ना मामानं, वरून मोबाईल. आजकाल पोरीबाळींना कशातही पुढारीपण पाहिजे. आम्ही दादांच्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापतो, ते पण बंद करा मग.

---

टेबल_क्रमांक_४

बेटा, मी जिल्हाधिकारी कार्यालयात बरीच वर्षं शस्त्र परवान्याच्या टेबलावर होतो. जिल्हा सांगत नाही, विदर्भातलाच आहे. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

आधी वरच्या राजेंसाठी. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यारही शस्त्र नियमांच्या यादीत येतं. केकचे फोटो टाकत चला, आमच्या खात्याचं काम सोपं होतं.

आता तुझा प्रश्न. शस्त्रं हा विषय राज्यघटनेत केंद्राच्या यादीत आहे. म्हणजे ग्रामसभाच काय, विधानसभेलाही स्वतःचा वेगळा शस्त्र कायदा सहज करता येत नाही. कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. पण तुम्ही पोरं जे मागून राहिले, ते बरंचसं आधीच झालेलं आहे, हे तहसीलमध्ये कोणी सांगितलं नाही का? २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात हर्षापोटी केलेला गोळीबार हा वेगळा गुन्हा म्हणून घातला. व्याख्येत सार्वजनिक जमाव, धार्मिक स्थळ, लग्नाची वरात, इतर समारंभ, सगळं आलं आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २५, पोटकलम ९. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात असं केलं आणि बेकायदा शस्त्र बनवणं-विकणं याची शिक्षा वाढवली.

शिवाय परवान्यावर छापलेल्या अटी असतात. त्या कोणी वाचत नाही, परवानाधारक तर नाहीच नाही. खास परवानगीशिवाय शस्त्र जत्रेत, मिरवणुकीत, लोकांच्या जमावात न्यायचं नाही ही त्यातलीच एक. नियमांत असंही आहे की सार्वजनिक जागी शस्त्र मिरवलं किंवा बार काढला तर परवाना रद्द होऊ शकतो आणि शस्त्र जप्त होऊ शकतं. रद्द करायचा अधिकार कलम १७ खाली परवाना देणाऱ्याचाच, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांचा. माझ्या टेबलावरून अशी फाईल क्वचित गेली. कारण एकच, खालून अहवालच येत नाही. ठाण्यात नोंद नाही तर अहवाल कशाचा? कायद्याला धार आहे, पण ती म्यानात राहते कारण गाव 'फटाका लागला' म्हणतं.

म्हणून निवेदनातलं 'कायदा कडक करा' हे वाक्य काढून टाक. ते दिल्लीला जातं आणि तिथंच राहतं. त्याऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे माग की लग्नसराईच्या आधी प्रत्येक परवानाधारकाला अटींची लेखी आठवण द्यावी, आणि वरातीत बार काढल्याची नोंद झाली की परवाना रद्द करायची कारवाई सुरू करावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला शस्त्रबंदीचे आदेश निघतात, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे, ते वर्तमानपत्रात तू वाचले असतील. मोठ्या लग्नतिथींना तसा आदेश मागता येतो. देतील की नाही ते वेगळं, मागायला बंदी नाही.

घडलेल्या प्रकरणाबद्दल. शस्त्र कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, आणि तो भावकीत बसून मिटवता येत नाही. मामांनी मिटवला तो दवाखान्याचा खर्च, गुन्हा नाही. दोन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्ट तीन वर्षांपर्यंत घेऊ शकतं. खबर कोणीही देऊ शकतो, जखमीच्या घरच्यांनीच द्यावी असं नाही. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते. काडतुसं कागदी पाकिटात घालून ठेव, तारीख-जागा लिही, सारखी हाताळू नको. काडतूस घेतलं की विक्रेता परवान्यावर नोंद करतो, वर्षाला किती घेता येतील तेही त्यावर असतं. मामांची विकत घेतलेली आणि शिल्लक यांचा मेळ कोणीतरी विचारला पाहिजे.

माहिती अधिकारही वापर. तालुक्यात स्वसंरक्षणाचे किती परवाने, पीक संरक्षणाचे किती, मागच्या पाच वर्षांत अटी मोडल्या म्हणून किती रद्द झाले. नावं मागू नको, नाकारतील आणि ते बरोबरच आहे. दहा रुपयांचं तिकीट लागतं, आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत पाहिजे. तुझी वरची पोस्ट पाहून हे मुद्दाम सांगितलं.

एक अवांतर. अभ्यासिकेच्या पोरांनी गावात हेही विचारावं की परवानाधारक वारला आणि बंदूक माळ्यावर तशीच पडून आहे असं किती घरांत आहे. वारसाने ती ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. सत्तरी ओलांडलेल्या किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगलेल्या माणसाला हयातीतच वारसाच्या नावाने करून देता येतं. लोक करत नाहीत, आणि मग आजोबाच्या बंदुकीने नातू रील काढतो. हा मुद्दा सभेत मांडशील तर शेतकरी तुझ्यावर चिडणार नाहीत, उलट कागद विचारायला येतील.

---

धुऱ्यावरचा

ताई, मी वाशिम जिल्ह्यातला. त्या दिवशी सभेत वरडला तो मी नाई, पन मी असतो तर मीबी वरडलो असतो. काहून ते सांगतो.

माह्याकडं ठासणीची बंदूक हाय, आज्याच्या टायमाची, परवाना पीक संरक्षणाचा. जागलीवर घेऊन जातो. तुमी कधी ठासणीची भरताना पाह्यली का? दारू टाका, चिंधी कोंबा, गजानं ठासा, मंग टोपी बसवा. तवरिक डुकराचा कळप दुसऱ्या धुऱ्यावर जाऊन हरभरा उकरून मोकळा. मारत तर नाईच, मारायले वनखात्याची परवानगी लागते, नुसता आवाज करतो. तरी त्या आवाजावर माह्या चार एकराचं रक्षन हाय. ते ठोंब वरातीत नेलं तर लोकं हासतीन. वरातीत मिरवते ते दुनळी, अन् दुनळी कोनाच्या घरी असते ते तुमालेबी मालूम हाय, मलेबी.

सरकारले बंदूक जमा करा म्हनायची लय हौस. २०२४ मदे दोनदा जमा केली. एप्रिलात लोकसभेले, तवा वावरात काई नव्हतं, चाललं. पन विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरले. तूर फुलावर, हरभरा कोंबावर, अन् माही बंदूक ठान्यात पावतीसकट. त्या महिन्यात बायको अन् मी डबडे वाजवत बसलो. शेजाऱ्यानं तारात करंट सोडला. मी त्याले म्हनलं बाप्पा, डुकराच्या जागी उद्या मानूस चिकटन. तो म्हने मंग तूच सांग काय करू. सांगाले माह्याकडं काई नव्हतं.

म्हनून 'बंदूक' अन् 'बंद' हे दोन शब्द एका वाक्यात आले की आमच्या पोटात गोया येते. तुमचं निवेदन मी वाचलं असतं तर मलेबी तसंच वाटलं असतं. 'शस्त्रांचा कायदा कडक करा' म्हनजे कोनावर कडक? दुनळीवाल्याले वकील असते. कडक झाला की पयले माहीच ठासणी जाईन, नूतनीकरनाले चकरा वाढतीन. ठरावात पयल्या वळीत लिवा की पीक संरक्षणाच्या बंदुकीले हात लावायचा नाई. खाली वरातीबद्दल काय लिवायचं ते लिवा, मी दोनी हातानं सई करतो.

---

वणीकर_फ्लोरिडा

मूळचा वणीचा, आता ओरलँडोजवळ राहतो. "तिकडे अमेरिकेत पोरांनी आंदोलन केलं" असं कोणी ना कोणी इथे लिहिणारच, म्हणून मीच काय झालं ते सांगून टाकतो.

१४ फेब्रुवारी २०१८ ला पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. मारणारा १९ वर्षांचा, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, रायफल दुकानातून रीतसर विकत घेतलेली. पुढच्याच आठवड्यात त्या शाळेची पोरं बसने राज्याच्या राजधानीला, टॅलाहासीला गेली. वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा २४ मार्चचा, तो सगळ्यांना माहीत आहे. पण राज्याचा कायदा त्याच्याही आधी झाला, ९ मार्चला, आणि सही करणारा राज्यपाल रिक स्कॉट हा बंदूकवाल्यांच्या बाजूचा समजला जाणारा माणूस. बंदूक विकत घ्यायचं वय सरसकट २१ केलं (आधी रायफलसाठी १८ चालायचं), खरेदीला तीन दिवसांची थांबण्याची अट आणली, आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने शस्त्रं काढून घ्यायची सोय केली. पोरांची मुख्य मागणी तसल्या रायफलींवर बंदी ही होती, ती मिळाली नाही. बंदूकवाल्यांची संघटना त्याच दिवशी कोर्टात गेली.

माझी मुलगी तेव्हा सातवीत. १४ मार्चला देशभरच्या शाळांत पोरं १७ मिनिटं वर्गाबाहेर उभी राहिली, त्यात तीही होती. घरी येऊन मला विचारलं, "बाबा, वणीच्या शाळेतही दार आतून बंद करून लपायची प्रॅक्टिस असायची का?" मी म्हटलं, आमच्या शाळेला दारच धड नव्हतं.

तुमची गोष्ट इथल्याशी जुळवू नका. इथे बंदूक बाळगणं हा घटनेतला हक्क आहे, आपल्याकडे नाही. २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक बोलून दाखवला होता. म्हणजे इथल्या पोरांसमोर जी भिंत आहे ती तुमच्यासमोर नाहीच. तुमच्यासमोर मामा आहेत. ते जास्त अवघड आहे की कमी, हे मला इतक्या लांबून सांगता येणार नाही.

---

धानोरा_मास्तरीण

गडचिरोलीतून. आमच्याकडे गोष्ट वेगळी. जंगलाच्या गावांत भरमार (म्हणजे ठासणीच्या बंदुका) असायच्या, बिनपरवान्याच्या, पारधीसाठी पिढ्यान्‌पिढ्या घरात. पोलिसांच्या आवाहनानंतर बऱ्याच गावांनी त्या पोलीस मदत केंद्रात नेऊन दिल्या. पण आवाहनाचा फलक लागला म्हणून कोणी देत नाही. गायता, भूमिया (आमच्याकडचे गावाचे पुजारी, प्रमुख), गावातल्या चार जुन्या माणसांनी आधी आपली दिली, मग बाकीच्यांनी. तुमच्या गावात दुनळी असलेल्यांपैकी एखादा शहाणा असेलच. त्याच्या तोंडून हा विषय आला पाहिजे, अभ्यासिकेच्या नाही. राग येईल तुला, पण तसंच आहे.

अरुणाचलमध्ये २०२१ ला पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावापासून छऱ्याच्या एअरगन जमा करायची मोहीम सुरू झाली, पाखरं मारणं थांबावं म्हणून. तिथंही लोकांनी आपल्या हाताने आणून दिल्या.

आणि बायकांना घे. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे ती बायकांनी रेटली म्हणून. (ती कितपत पाळली जाते यावर इथे वाद नको, मी रोज पाहते.) बार काढायला सांगणारे वरपक्षाचे असतात, पण मांडव वधूपक्षाचा असतो. मुलीच्या बापाने पत्रिकेवरच छापावं. "कृपया आहेर आणू नये" छापतात ना, त्याच्याच खाली "वरातीत बंदुकीचे बार उडवू नयेत". एका पत्रिकेवर छापलं की दुसरीवर छापायला लाज वाटत नाही. डीजेवाल्याशीही बोला. गर्दीत गोळी सुटली तर सगळ्यांत आधी त्याची गाडी ठाण्यात जाते, त्यामुळे तो तुमच्याआधी तयार होईल.

---

कपाशीची_बोंडं

सगळ्यांना उत्तर देते. राजे_ग्रुप, तुम्हाला नाही.

काकाजी, २५ (९) आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आमच्यात तीन जण पोलीस भरतीचा अभ्यास करून राहिले, त्यांनाही नाही. कालपासून ते एकमेकांकडे बघत नाहीत. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, शब्द मोजून.

धुऱ्यावरचे दादा, तुमचं लिहिलेलं मी मोठ्या बाबांना वाचून दाखवलं. ते खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "हा माणूस कोण आहे, याले घरी बोलाव." निवेदनातलं ते वाक्य आम्ही एका फेसबुक पोस्टवरून उचललं होतं, भारी वाटलं म्हणून. तुमच्याकडून ते कसं दिसतं हे आमच्या डोक्यातही आलं नाही. मोठे बाबा आता म्हणतात की सभेत मी बोलतो. त्यांच्याकडे ठासणी आहे, दुनळी नाही, पण मास्तरीणबाई, सुरुवातीला एवढं चालेल का?

पत्रिकेचं गावातल्या एका मैत्रिणीच्या घरी बोलले. तिचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिचे बाबा म्हणाले, व्याही काय म्हणतील. आई म्हणाली, व्याह्यांना आहेर नको म्हटलेलं चालते, मग हे काहून नाही चालत? अजून भांडण चालू आहे.

त्या पोराच्या आईला मी तीन वर्षांच्या मुदतीबद्दल सांगितलं. ती काही बोलली नाही. घरची मजुरी त्याच मामांच्या वावरात आहे. तिला पुढे करून मी खबर देणार नाही, ते ठरलं. खबर कोणीही देऊ शकतो असं काकाजींनी लिहिलं, म्हणजे मीही. त्यावर अजून विचार चालू आहे, इथे कोणी घाई करू नका. काडतुसं पाकिटात घातली आहेत.

ठरावाचा मसुदा असा केला आहे:

"पीक संरक्षणासाठी दिलेल्या परवान्यांना व शस्त्रांना या ठरावाने कोणतीही बाधा येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत लग्न, वाढदिवस, मिरवणूक वा अन्य समारंभात हर्षापोटी गोळीबार करण्यास ही ग्रामसभा तीव्र विरोध दर्शविते. असा प्रकार घडल्यास पोलीस पाटील यांनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यास कळवावे. संबंधित परवानाधारकाविरुद्ध शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ अन्वये कार्यवाही करावी, अशी शिफारस मा. जिल्हाधिकारी यांना करण्यात येत आहे. ग्रामपंचायतीचे समाजमंदिर लग्नकार्यास देताना वरील अट लेखी घेण्यात यावी."

समाजमंदिराची अट माझ्या डोक्यातली आहे. चालेल का?

---

टेबल_क्रमांक_४

चालेल, आणि तीच सगळ्यांत कामाची ओळ आहे. समाजमंदिर ग्रामपंचायतीचं, अट घालायला कोणाची परवानगी लागत नाही. 'तीव्र' काढ. विरोध पुरे. शिफारशीची प्रत पोलीस अधीक्षकांनाही लाव.

विषय आधीच ग्रामसेवकाकडे लेखी दे (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), सूचनेवर विषय छापून आला पाहिजे, ऐनवेळच्या विषयात ढकलू देऊ नको. सूचक-अनुमोदक आधी ठरव. आणि कोरम बघ, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब करणं ही जुनी युक्ती आहे, माणसं मोजून आण.

---

धुऱ्यावरचा

सूचक म्हनून तुमच्या मोठ्या बाबाचं नाव टाका. पयल्या वळीत आमची बंदूक आली, आता मले काई म्हनायचं नाई. हा मसुदा मी आमच्याबी गावात लावतो, फक्त समाजमंदिर आमच्याकडं नाई, पडलं.

एक सांगतो ताई. १५ ऑगस्टले सभा झेंडावंदन झालं की लगेच घ्या. तवा डवरनी-फवारनी चालू असते, धा वाजले की मानसं वावरात. अन् पोट्टे जिलेबी भेटली की पांगतात, म्हनून जिलेबी सभेच्या नंतर वाटाले सांगा मास्तरले.